छोट्या वाइन उत्पादकांची बाजू घेणारा दुकानदार : कर्मिट लिंच यांचं मोठ्या कंपन्यांबद्दल म्हणणं काय आहे?

वाइनच्या मोठ्या दुकानात शिरलं की रॅकवर शेकडो बाटल्या दिसतात. वेगळी लेबलं, वेगळी नावं, कुठे डोंगराचं चित्र तर कुठे जुन्या वाड्याचं. पण बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली, तर यातले अनेक ब्रँड मोजक्या कंपन्यांच्या मालकीचे निघतात. साबण आणि बिस्किटांच्या बाबतीत याची आपल्याला सवय आहे. वाइनच्या बाबतीत मात्र गेली पन्नास वर्षं यावर जोरदार वाद सुरू आहे.

या वादात सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं एक नाव शेतकऱ्याचं नाही, समीक्षकाचंही नाही. ते आहे अमेरिकेतल्या एका दुकानदाराचं, कर्मिट लिंच यांचं. मोठ्या कंपन्यांवर त्यांचा नेमका आक्षेप काय आहे, तो कितपत पटतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, ते समजून घेऊया.

थोडक्यात

• कर्मिट लिंच यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात वाइनचं छोटं दुकान सुरू केलं. पुढे ते फ्रान्समधल्या छोट्या उत्पादकांचे अमेरिकेतले प्रमुख आयातदार झाले.
• कंपनी मोठी आहे म्हणून ती वाईट, असं त्यांचं म्हणणं नाही. प्रचंड प्रमाणावर विकण्यासाठी वाइनवर ज्या प्रक्रिया कराव्या लागतात, त्यात तिची ओळख पुसली जाते, हा त्यांचा आक्षेप आहे.
• छोटा उत्पादक टिकेल की नाही, हे बरंचसं मधला विक्रेता ठरवतो. म्हणून विक्रेत्यावरही जबाबदारी येते, असं ते मानतात.
• या भूमिकेची दुसरी बाजूही आहे. त्यांनी पुढे आणलेल्या काही छोट्या उत्पादकांची वाइन आज सामान्य ग्राहकाला परवडत नाही.

कर्मिट लिंच कोण आहेत?

लिंच यांचा जन्म १९४१ चा. साठच्या दशकात ते बर्कली परिसरात राहत, संगीत करत आणि जुन्या गालिच्यांच्या तुकड्यांपासून पिशव्या बनवून विकत. हा व्यवसाय विकल्यानंतर, १९७२ मध्ये, त्यांनी मैत्रिणीकडून पाच हजार डॉलर उसने घेतले आणि बर्कलीशेजारच्या अल्बनी या गावात वाइनचं दुकान टाकलं. पुढे ते दुकान बर्कलीत गेलं.

सुरुवातीला ते इतर आयातदारांनी आणलेला माल विकत. मग ते स्वतः फ्रान्सला जाऊ लागले. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्याच्या तळघरात उतरायचं, पिंपातून काढलेली वाइन चाखायची आणि पटली तर तिथेच सौदा करायचा, अशी त्यांची पद्धत होती. दुकानाच्या ग्राहकांसाठी ते माहितीपत्रक काढत. त्यात किंमत आणि नावाबरोबर त्या शेतकऱ्याची, त्याच्या जमिनीची गोष्ट असे. या प्रवासांवरचं त्यांचं ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑन द वाइन रूट’ हे पुस्तक १९८८ मध्ये आलं. वाइनवरच्या इंग्रजी पुस्तकांत ते आजही आवर्जून वाचलं जातं. २००५ मध्ये फ्रान्स सरकारने त्यांना ‘लेजिआँ द ऑनर’ हा सन्मान दिला.

शेतकरी आणि बाटली यांच्या मध्ये कोण होतं?

लिंच यांची भूमिका समजण्यासाठी आधी बर्गंडी या फ्रेंच प्रदेशातली जुनी व्यवस्था पाहावी लागते.

फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळातल्या कायद्यामुळे वडिलांची जमीन मुलांमध्ये वाटली जाते. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होत गेल्या आणि बागांचे तुकडे पडले. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, तसाच हा प्रकार. बर्गंडीतली ‘क्लो द वूजो’ ही प्रसिद्ध बाग जेमतेम ५० हेक्टरची आहे आणि तिचे मालक आहेत ८० च्या आसपास.

अशा छोट्या शेतकऱ्याकडे बाटल्या भरण्याची, साठवण्याची आणि परदेशी पाठवण्याची सोय नसे. तो द्राक्षं किंवा पिंपातली वाइन ‘नेगोसियां’ म्हणजे घाऊक व्यापाऱ्याला विकून मोकळा होई. व्यापारी अनेकांचा माल एकत्र करी, बाटलीत भरी आणि स्वतःच्या नावाने विकी. शेतकऱ्याचं नाव कुठेच येत नसे. भावही व्यापारीच ठरवी.

या व्यवस्थेत भेसळीला वाव होता. १९२० च्या दशकात बर्गंडीच्या नावाखाली दक्षिण फ्रान्स किंवा अल्जीरियातली वाइन मिसळून विकण्याचे प्रकार बोकाळले होते. त्याविरुद्ध काही शेतकरी उभे राहिले. मार्की दाँजरव्हील, हेन्री गूज, आर्मां रूसो यांनी आपली वाइन स्वतःच बाटलीत भरायला सुरुवात केली. १९३५ मध्ये फ्रान्सने मूळस्थानाच्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. देवगडच्या बाहेरचा आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून विकू नये, अशी जी मागणी आपल्याकडे होते, तिच्यामागचा विचार हाच आहे.

पण स्वतः बाटली भरली तरी ती विकणार कोण? इथे काही विक्रेते कामी आले. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावर फ्रँक स्कूनमेकर या आयातदाराने अशा शेतकऱ्यांच्या बाटल्या अमेरिकेत विकायला सुरुवात केली. लिंच यांनी चार दशकांनंतर हीच वाट पुन्हा चालायला घेतली. त्यामुळे त्यांच्यासाठी लेबलवर शेतकऱ्याचं नाव असणं ही सजावट नाही. आपला माल आपल्या नावाने विकण्याचा तो हक्क आहे आणि तो मिळवायला दोन पिढ्या लागल्या.

पहिला आक्षेप : सगळ्या वाइनची चव एकसारखी का होते?

लिंच यांचा सर्वांत गाजलेला आक्षेप वाइन गाळण्याबद्दल आहे.

द्राक्षाच्या रसाची वाइन झाल्यावर तिच्यात यीस्टचे कण, जिवाणू आणि गाळ राहतो. काही महिने ती पिंपात किंवा टाकीत शांत ठेवली तर बराचसा गाळ तळाशी बसतो. पण त्याला वेळ लागतो, आणि थोडा गाळ बाटलीत उतरतोच. ज्या कंपनीला लाखो बाटल्या भरायच्या आहेत, त्या हजारो किलोमीटर पाठवायच्या आहेत आणि दुकानाच्या उजेडात महिनोन्‌महिने उभ्या ठेवायच्या आहेत, तिला ही जोखीम परवडत नाही. बाटलीत यीस्ट शिल्लक असेल आणि थोडी साखरही असेल, तर किण्वन पुन्हा सुरू होऊ शकतं. ग्राहकाला तळाशी गाळ दिसला तर तो बाटली परत आणतो.

उपाय म्हणजे अतिबारीक छिद्रांची गाळणी. निर्जंतुक गाळणीची छिद्रं साधारण ०.४५ मायक्रॉनची असतात. त्यातून यीस्ट आणि जिवाणू पलीकडे जात नाहीत. वाइन स्वच्छ, चकचकीत आणि स्थिर होते.

लिंच यांचं म्हणणं असं की, नको असलेल्या गोष्टींबरोबर हवं असलेलंही गाळणीत अडकतं. सुगंध उणावतो, चवीचा भरीवपणा जातो, वाइन मुरण्याची ताकद कमी होते. त्यांनी काही उत्पादकांना अमेरिकेसाठीच्या बाटल्या न गाळता भरायला राजी केलं. दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप इथलं ‘व्यू तेलेग्राफ’ हे ब्रुनिये कुटुंबाचं घराणं त्यांपैकीच एक. न गाळलेली बाटली बिघडली तर तोटा कोणाचा, हा प्रश्न शेतकऱ्याला पडणं साहजिक होतं. ती जोखीम विक्रेत्याने उचलावी, अशी लिंच यांची भूमिका होती.

यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. काळजीपूर्वक गाळलं तर वाइनचं काही बिघडत नाही आणि न गाळलेल्या बाटल्यांत दोष येण्याची शक्यता वाढते, असं अनेक वाइनशास्त्रज्ञ मानतात. पण लिंच यांचा मुद्दा गाळणीपुरता नव्हता. निर्णय कोणत्या कारणासाठी घेतला जातो, हे ते विचारत होते. वाइन चांगली व्हावी म्हणून, की ती कुठेही, कशीही ठेवली तरी टिकावी म्हणून?

दुसरा मुद्दा : विक्रेत्याची जबाबदारी

इथे लिंच फक्त कंपन्यांकडे बोट दाखवून थांबले नाहीत. दोष विक्रेत्यांच्या साखळीतही आहे, हे त्यांना स्वतःच्या धंद्यातून कळलं.

बर्गंडीतल्या हुबेर द मोंतीय यांच्या तळघरात त्यांनी चाखलेली वाइन अप्रतिम होती. तीच वाइन जहाजाने कॅलिफोर्नियात पोहोचली तेव्हा तिच्यात जीव उरला नव्हता. युरोपातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला येणारं जहाज पनामा कालव्यातून जातं. उष्ण कटिबंधातल्या उन्हात लोखंडी कंटेनर तापतो, आणि आतल्या बाटल्याही. तेव्हा बहुतेक वाइन अशीच येत असे.

लिंच यांनी शीतकंटेनरमधून वाइन आणायला सुरुवात केली. मासे आणि फळांसाठी हे कंटेनर वापरले जात. वाइनसाठी हा खर्च वायफळ आहे, असं तेव्हा धंद्यातल्या अनेकांना वाटे. आज चांगल्या वाइनसाठी ही पद्धत रूढ झाली आहे.

गाळण्याचा आणि कंटेनरचा मुद्दा एकमेकांत गुंतलेला आहे. वाहतूक वाईट असेल तर वाइन ‘दणकट’ बनवावी लागते. वाहतूक चांगली केली तर शेतकऱ्याला आपली वाइन बदलावी लागत नाही. म्हणजे छोट्या उत्पादकाला आपल्या पद्धतीने काम करता यावं, तर मधल्या माणसाने खर्च उचलायला हवा.

बोजोले : एकाच प्रदेशातल्या दोन वाटा

मोठा व्यापार आणि छोटा उत्पादक यांतला फरक पाहायचा तर बर्गंडीच्या दक्षिणेला असलेल्या बोजोलेचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे.

तिथली ‘बोजोले नूव्हो’ ही ताजी वाइन दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकाच दिवशी विक्रीला येते. कापणीनंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत बाटली ग्राहकाच्या हातात. जॉर्ज द्युबफ यांच्यासारख्या मोठ्या व्यापाऱ्यांनी याचा उत्सव केला. पॅरिसपासून टोकियोपर्यंत जाहिराती झाल्या, आणि शेतकऱ्यांना लवकर पैसे मिळू लागले. हा फायदा खरा होता.

पण घाईत बाटली भरायची तर प्रक्रिया ठरावीक करावी लागते. तयार यीस्ट, साखरेची भर, भरपूर सल्फर डायऑक्साइड आणि कडक गाळणी. हळूहळू ‘बोजोले’ म्हणजे एक हलकं, गोडसर, स्वस्त पेय अशी प्रतिमा झाली. फॅशन ओसरली तेव्हा फटका सगळ्या प्रदेशाला बसला. २००० नंतरच्या काही वर्षांत न खपलेली वाइन मोठ्या प्रमाणावर औद्योगिक अल्कोहोलसाठी पाठवावी लागली.

याच प्रदेशातल्या मॉर्गों भागात मार्सेल लापिएर आणि त्यांचे मित्र वेगळं काही करत होते. रसायनशास्त्र जाणणारे स्थानिक वाइन व्यापारी ज्यूल शोव्हे यांच्याकडून त्यांनी धडे घेतले होते. निरोगी द्राक्षं, सालीवरचं नैसर्गिक यीस्ट, सल्फर अगदी कमी किंवा अजिबात नाही, आणि गाळणं टाळायचं. लापिएर, झां फोयार, गी ब्रेताँ आणि झां-पोल तेव्हने या चौघांना लिंच यांनी ‘चौकडी’ असं थट्टेचं नाव दिलं आणि त्यांची वाइन अमेरिकेत विकली. ते नाव रूढ झालं. लापिएर यांचं २०१० मध्ये निधन झालं. आज ‘नॅचरल वाइन’ नावाने जी चळवळ जगभर दिसते, तिच्या मुळांशी ही मंडळी आहेत.

या उदाहरणात एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शोव्हे स्वतः व्यापारी होते. म्हणजे ‘व्यापारी वाईट, शेतकरी चांगला’ अशी सरळ विभागणी इथे लागू होत नाही. फरक व्यवसायाच्या नावाने पडत नाही, किती घाईने आणि कोणासाठी बनवायचं यावरून पडतो.

तिसरा आक्षेप : गुण देण्याची पद्धत

१९७८ मध्ये रॉबर्ट पार्कर यांनी ‘द वाइन अ‍ॅडव्होकेट’ हे पत्रक सुरू केलं. १०० पैकी गुण देण्याची त्यांची पद्धत लवकरच जगभर पसरली. ग्राहकाला सोय झाली. नाव उच्चारता आलं नाही तरी ‘९२ गुण’ समजतात.

लिंच यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. एका टेबलावर तीस-चाळीस वाइन ओळीने चाखल्या की गडद, जाड, जास्त अल्कोहोलची वाइन उठून दिसते. जेवणाबरोबर खुलणारी हलकी वाइन तिथे मागे पडते. मग उत्पादक गुण मिळवण्यासाठी वाइन बनवू लागतात आणि वेगवेगळ्या देशांतल्या वाइन एकसारख्या लागू लागतात. न्यूयॉर्कचे आयातदार नील रोझेंथल यांचीही भूमिका अशीच आहे. जोनाथन नॉसिटर यांच्या ‘मोंदोविनो’ या २००४ च्या माहितीपटात ते दिसतात. वाइनच्या जागतिकीकरणावरचा हा माहितीपट त्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

रॅकचं गणित : छोटा उत्पादक मागे का पडतो?

चवीचा वाद बाजूला ठेवला तरी एक साधं गणित उरतं.

समजा एका शेतकऱ्याची पाच हेक्टर बाग आहे आणि हेक्टरी ४५०० लिटर वाइन होते. एकूण २२,५०० लिटर. पाऊण लिटरच्या बाटल्या केल्या तर ३०,०००. बारा बाटल्यांची एक पेटी धरली तर २५०० पेट्या. आता सहाशे दुकानांच्या एखाद्या साखळीला ही वाइन ठेवायची आहे. वर्षाचं सगळं उत्पादन दिलं तरी एका दुकानाच्या वाट्याला चार पेट्या येतात. त्या आठवड्याभरात संपल्या की रॅक रिकामा. साखळीला हा व्यवहार परवडत नाही. तिला असा पुरवठादार हवा, जो बाराही महिने, त्याच चवीचा, त्याच किमतीचा माल देईल.

अमेरिकेत यात आणखी एक पायरी आहे. दारूबंदी उठल्यानंतर तिथे तीन टप्प्यांची व्यवस्था आली. उत्पादक किंवा आयातदार वितरकाला विकतो, वितरक दुकानाला आणि दुकान ग्राहकाला. राज्याराज्यांत नियम थोडे वेगळे आहेत. कालांतराने वितरक कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या. २०१६ मध्ये ‘सदर्न वाइन अँड स्पिरिट्स’ आणि ‘ग्लेझर्स’ एकत्र येऊन देशातली सर्वांत मोठी वितरक कंपनी तयार झाली. हजारो नावांच्या यादीत २५०० पेट्यांच्या शेतकऱ्यासाठी दुकानदाराशी कोण बोलणार?

उत्पादकांच्या बाजूलाही हेच झालं. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये नापा खोऱ्यात सुरू केलेली वाइनरी कॅलिफोर्नियाच्या वाइनचा मानबिंदू होती. १९९३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. २००४ मध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ या कंपनीने ती सुमारे १३६ कोटी डॉलरना विकत घेतली आणि मोंडावी कुटुंबाच्या हातून ती गेली. पुढे याच कॉन्स्टेलेशनने आपले अनेक स्वस्त ब्रँड ‘गॅलो’ला विकले. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा व्यवहार अमेरिकी सरकारच्या स्पर्धाविषयक तपासणीनंतर जानेवारी २०२१ मध्ये पूर्ण झाला. मोठ्या माशाला त्याहून मोठा मासा गिळतो, तसा हा प्रकार.

मोठ्या कंपन्यांची बाजू काय?

ती दुबळी नाही.

पहिली गोष्ट किंमत. अर्नेस्ट आणि ज्युलिओ गॅलो या भावांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने सामान्य अमेरिकी माणसाच्या जेवणाच्या टेबलावर परवडणारी वाइन नेली. दुसरी गोष्ट स्वच्छता आणि सातत्य. स्टीलच्या टाक्या, तापमानावर नियंत्रण आणि प्रयोगशाळेतली तपासणी यांमुळे खराब वाइनचं प्रमाण घटलं. याचा फायदा छोट्यांनाही झाला. तिसरी गोष्ट शेतकरी. मोठ्या कंपन्या असंख्य बागायतदारांकडून द्राक्षं घेतात. ज्याला स्वतः वाइन बनवायची नाही, त्याच्यासाठी तोच ग्राहक असतो.

आणि छोटं म्हणजे आपोआप चांगलं, असंही नाही. छोटा उत्पादकही रसायनं फवारू शकतो, अस्वच्छ तळघरात काम करू शकतो. लिंच यांनाही हे ठाऊक होतं. ते प्रत्येक छोट्या उत्पादकाकडून घेत नव्हते. चाखून निवडत होते.

अर्थात मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त वाइनला एक काळी किनारही होती. गॅलोची ‘हार्टी बर्गंडी’ १९६४ मध्ये बाजारात आली. बर्गंडीशी तिचा काही संबंध नव्हता. ‘शाब्ली’ नावानेही कॅलिफोर्नियात मोठ्या जगांतून स्वस्त वाइन विकली जाई. त्याच काळात शाब्ली गावातले रावनो कुटुंब आपल्या बागेत वाइन बनवत होतं. लिंच यांनी ती अमेरिकेत आणली तेव्हा ग्राहकांच्या मनात ‘शाब्ली’ या नावाचा अर्थच बदलून गेलेला होता. नाव मोठ्यांनी वापरलं, आणि खऱ्या मालकाला आपली ओळख पटवून द्यावी लागली. अशा नावांच्या नव्या वापरावर अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यातल्या २००६ च्या कराराने बंधन आणलं. पण आधीपासून वापरणाऱ्यांना सूट मिळाली.

लिंच यांच्या भूमिकेतली अडचण

लिंच यांचं यश हाच त्यांच्या भूमिकेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

छोट्या उत्पादकाची वाइन प्रसिद्ध झाली की मागणी वाढते. बाग मात्र तेवढीच राहते. मग किंमत चढते. रावनो किंवा कोश-द्युरी यांची बाटली आज शेकडो डॉलरना जाते आणि श्रीमंत संग्राहकांच्या तळघरात पडून राहते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवताना प्यावी म्हणून बनलेली वाइन गुंतवणुकीची वस्तू झाली. किंमत वाढली की जमिनीचा भावही वाढतो. मग वडील गेल्यावर वारसा कर भरण्यासाठी मुलांवर जमीन विकण्याची वेळ येऊ शकते, आणि विकत घेणारा बहुधा मोठा उद्योगसमूहच असतो.

लिंच स्वतःही लहान राहिले नाहीत. त्यांची कंपनी देशभर पुरवठा करणारी आयातदार झाली. १९९८ मध्ये त्यांनी ब्रुनिये कुटुंबाबरोबर जिगोंदास इथली ‘ले पालिएर’ ही वाइनरी घेतली. म्हणजे दुकानदार उत्पादकही झाला. मात्र त्यांचा धंदा उभा राहिला तो एकेका उत्पादकाशी दशकानुदशकं ठेवलेल्या संबंधांवर. दक्षिणेतल्या बाँदोलमधलं ‘दोमेन ताँपिये’ हे पेरो कुटुंबाचं घराणं याचं उदाहरण. लिंच आणि या कुटुंबाचं नातं सत्तरच्या दशकापासूनचं.

संकट आलं तेव्हा अशा संबंधांची परीक्षाही झाली. विमान कंपन्यांच्या अनुदानाच्या वादातून अमेरिकेने ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्ससह काही युरोपीय देशांच्या १४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या वाइनवर २५ टक्के जादा आयात शुल्क लावलं. मार्च २०२१ मध्ये ते स्थगित झालं. अनेक देशांत कारखाने असलेली कंपनी अशा वेळी दुसरीकडचा माल पुढे करू शकते. एकाच गावात पाच हेक्टर बाग असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याचीच वाइन विकणाऱ्या आयातदाराला तो पर्याय नसतो.

हा प्रश्न महाराष्ट्रात कुठे दिसतो?

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिक परिसरात अनेक छोट्या वाइनरी उभ्या राहिल्या. वाइन बनवणं जमलं. ती विकणं अवघड गेलं. २००८ नंतरच्या मंदीत अनेकांचा माल टाक्यांत पडून राहिला. आज भारतीय बाजारात सर्वांत मोठा वाटा ‘सुला’चा आहे. ती कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाद झाला तो दारूच्या प्रसाराबद्दल. त्या गदारोळात रॅकचा प्रश्न मागे राहिला. सुपरमार्केटच्या रॅकवर जागा कोणाला मिळेल? बाराही महिने पुरवठा करू शकणाऱ्याला, की हंगामाला दोन हजार पेट्या काढणाऱ्याला?

ग्राहकाला यातून काय कळतं?

लिंच यांचं म्हणणं पूर्ण पटो वा न पटो, त्यातून बाटलीकडे पाहण्याच्या तीन साध्या सवयी मिळतात.

एक, पुढच्या चित्राऐवजी मागचं लेबल वाचणं. वाइन कोणी बनवली आणि बाटली कुठे भरली हे तिथे असतं. फ्रेंच बाटलीवर ‘मी आं बुतेय ओ दोमेन’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर ती उत्पादकाच्या स्वतःच्या जागेत भरलेली आहे.

दोन, आयातदाराचं नाव पाहणं. अमेरिकेत ते छापणं बंधनकारक आहे. तिथले जाणकार ग्राहक ओळखीचा उत्पादक दिसला नाही, तर विश्वासातल्या आयातदाराचं नाव शोधतात.

तीन, दुकानदाराला विचारणं. ही वाइन कोणाची, तुम्ही ती का ठेवली? त्याला उत्तर देता आलं, तर त्या उत्पादकासाठी रॅकवर बोलणारं कोणीतरी आहे. उत्तर ‘ही जास्त खपते’ एवढंच असेल, तर निवड आधीच दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेली असते.